मागांच्या कमाईवरचे शिक्षण

गेल्या दिवाळीत मी सुट्टी काढून इचलकरंजीला घरी गेलो होतो. भाऊबीज उरकली, सणासाठी बंद ठेवलेली आमची यंत्रमागांची शेड पुन्हा सुरू झाली आणि दुपारी जेवायला बसल्यावर वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, अगदी सहज विचारले, "तिथं एवढं शिकलास, त्यातलं काय आपल्या शेडात लागू पडंल का रं?" विचारण्यात टोमणा नव्हता, अपेक्षेचे ओझेही नव्हते. मी तांत्रिक वस्त्रांविषयी, कार्बनच्या धाग्याविषयी काहीबाही सांगितले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, "बरं" म्हणाले, हात धुतले आणि सायझिंगमधून, म्हणजे सुताला खळ लावून, आलेली बीमे (उभ्या धाग्यांचे मोठे रूळ) उतरवून घ्यायला निघून गेले. मी दिलेले उत्तर चुकीचे नव्हते. तरी जर्मनीला परतताना विमानात, नंतर कामावर जाताना रेल्वेत, तो प्रश्न माझ्या मनातून हलेना. माझे सगळे परदेशी शिक्षण त्या शेडच्या पैशांवर झाले होते, आणि शेडचा मालक इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच त्या पैशांतून काय आले हे विचारत होता.

आमची शेड खर्चीवाल्यांची. म्हणजे सूत व्यापाऱ्याचे, कापडही व्यापाऱ्याचे, आमचे फक्त विणणे. मजुरी पिकांवर, म्हणजे मागाने घातलेल्या आडव्या धाग्यांवर, ठरते, आणि पिकाचा दर पैशांत बोलला जातो. एका इंचात आडवे धागे किती, त्याचा भाव किती, वीज बिल किती, कामगाराची मजुरी किती, माग दुरुस्त ठेवणाऱ्या जॉबरचा पगार किती, या हिशेबातून जे उरते त्यावर आमचे घर चालले, माझ्या बहिणीचे लग्न झाले आणि मी बी.टेक. झालो. 1904 साली विठ्ठलराव दातार यांनी गावात पहिला यंत्रमाग आणला, जहागीरदार नारायणराव घोरपडे यांनी या धंद्याला आसरा दिला, हे आमच्याकडे शाळकरी पोराला तोंडपाठ असते. माझ्या आजोबांनी दुसऱ्याच्या मागावर कामगार म्हणून सुरुवात केली आणि पुढे स्वतःचे माग घेतले. मी कापडाच्याच शास्त्रात शिकणार हे त्यामुळे कोणी ठरवावे लागले नाही. जर्मनीला एम.एस. करायचे हे मात्र मी ठरवले. बँकेने कर्ज मंजूर केले ते शेडची जागा तारण घेऊन, आणि वरच्या खर्चाची जुळवणी करताना आण्णांनी काही साधे माग भंगारात घातले. जुने झाले होते, काढायचेच होते, असे तेव्हा ते मला म्हणाले. पुढे कधीतरी आमच्या जॉबरमामांनी बोलता बोलता सांगितले की त्यातले बहुतेक माग आदल्या दिवशीच्या रातपाळीपर्यंत चांगले चालू होते. भंगारवाल्याने त्यांचे बिडाचे सांगाडे किलोवर तोलून नेले.

2022 च्या उन्हाळ्यात व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये 10,332 युरो भरावे लागत होते. युरो तेव्हा ऐंशी रुपयांच्या आसपास होता, त्यामुळे सव्वाआठ लाख रुपये एका दमात आमच्या हातून निघून गेले. ज्यांनी ही व्यवस्था पाहिली आहे त्यांना तिची गंमत नव्हे, तिची बोच माहीत असेल. पैसा आपल्याच घरचा असतो, पण तो परदेशातल्या खात्यात कुलूपबंद होतो आणि मग महिन्याला 861 युरो या बेताने आपल्याला परत मिळतो. तोही लगेच मिळत नाही. त्यासाठी तिथल्या बँकेत चालू खाते हवे, खात्यासाठी नगरपालिकेत पत्त्याची नोंदणी हवी, नोंदणीसाठी घरमालकाची सही असलेला कागद हवा आणि त्या कागदासाठी मुळात घर हवे. आखेनमध्ये, म्हणजे मी शिकायला गेलो त्या जर्मन शहरात, सप्टेंबरअखेर खोली मिळणे किती कठीण असते हे तिथे उतरलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मी सुरुवातीचे काही आठवडे जळगावच्या एका मुलाच्या खोलीत गादी टाकून काढले. त्याची माझी ओळख फक्त फोनवरची होती. त्या दिवसांत माझ्या नावावर आठ लाख रुपये होते आणि खिशात घरून आणलेल्या नोटांपैकी उरलेल्या थोड्या. दुकानात दह्याच्या डब्यावरची किंमत वाचली की मी मनातल्या मनात तिला ऐंशीने गुणत असे आणि मग किती मीटर पॉपलिन विणल्यावर तेवढी मजुरी पडेल याचा अंदाज बांधत असे. हा गुणाकार थांबायला फार काळ लागला.

त्या हिवाळ्यात युरोपवर युद्धाची छाया होती. रशियाहून येणारा वायू तुटला होता, आणि सरकारी फर्मानाने सार्वजनिक इमारतींचे तापमान 19 अंशांवर आणले गेले होते. वर्गात मुले कोट घालून बसत. याच सेमिस्टरमध्ये जर्मनीतल्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या सुमारे 43,000 झाली आणि आपण चिनी विद्यार्थ्यांना मागे टाकून तिथला सर्वांत मोठा परदेशी गट झालो. ही बातमी मी नंतर वाचली. तिची खूण मात्र आधीच दिसत होती. मेन्साच्या, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीच्या, रांगेत मागून मराठी कानावर पडे, ग्रंथालयात नांदेडचा, नाशिकचा, साताऱ्याचा कोणीतरी भेटे, आणि आठवड्याच्या भाजीबरोबर कोणत्या दुकानात कढीपत्ता आला आहे ही खबर सगळीकडे फिरे. एवढे आपले लोक असूनही रविवारी दुकाने बंद असलेल्या त्या शहरात दुपारी चारनंतर अंधार पडू लागला की माणूस एकटा पडतो. मी तेव्हा चालायला बाहेर पडत असे. एलिझेनब्रुनेनच्या खांबांमधून गरम पाण्याच्या झऱ्याचा गंधकाचा वास येई. अंडे सडल्यासारखा तो वास इतरांना नकोसा होतो, मला तो आवडू लागला, कारण त्या थंडीत शहरात कुठेतरी जमिनीतून काही गरम वर येते आहे याचा तो पुरावा होता.

आखेन हे कापडाचे आणि सुयांचे गाव. एके काळी तिथल्या कारखान्यांमध्ये बायका आणि मुले तयार सुयांच्या ढिगातून वाकड्या, सदोष सुया करंगळीने बाजूला काढत. त्याची आठवण म्हणून आजही आखेनचे लोक परगावी एकमेकांना भेटले की करंगळी वर करून खूण करतात, आणि त्या खुणेचे शहरात शिल्पही आहे. मी ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा बराच वेळ तिथे थांबलो. आमच्या गावातल्या कांड्या भरणाऱ्या, म्हणजे धोट्यातल्या नळ्यांवर सूत गुंडाळणाऱ्या, बायकांची बोटे मला माहीत आहेत. सुताने त्यांच्या तर्जनीवर बारीक घळ पडलेली असते, आणि साबणाने कितीही धुतले तरी कडेला धुळीची करडी रेघ राहते. सव्वाशे वर्षांचा धंदा असलेल्या माझ्या गावात त्या बोटांची आठवण ठेवणारे शिल्प मी तरी कुठे पाहिलेले नाही.

विद्यापीठाच्या वस्त्रतंत्र प्रयोगशाळेत मी पहिल्यांदा पाऊल टाकले तेव्हा सर्वांत आधी जाणवली ती शांतता. यंत्रे होती, त्यांतली काही मला पुस्तकांतून ठाऊक होती, पण एका वेळी एखादेच चालू असे. आमच्याकडे साधा माग मिनिटाला 150 च्या आसपास पिके मारतो आणि शेजारचा माणूस काय बोलतो ते ओठांवरून ओळखावे लागते. इथले एअरजेट, म्हणजे हवेच्या झोताने धागा फेकणारा माग, 800 ते 1,000 पिके मारू शकते आणि तरी दाराबाहेर उभे राहून बोलता येते. दुसरी गोष्ट म्हणजे जमीन स्वच्छ होती. कापसाची धूळ नव्हती. तिच्या जागी दुसरी धूळ होती, आणि ती अधिक घातक होती. कार्बनचा धागा विणताना त्याचे केसांहून बारीक तुकडे हवेत उडतात. ते वीजवाहक असतात. विजेच्या पेटीत शिरले तर शॉर्टसर्किट होते, म्हणून यंत्राभोवती काचेचे कवच, वर शोषक नळ्या आणि विजेच्या पेट्या घट्ट बंद. हात लावायचा तर हातमोजे. काचेच्या धाग्याचे तुकडे मनगटात घुसले की दोन दिवस खाज जात नाही, हे मी अनुभवाने शिकलो. माझा प्रबंध काँक्रीटमध्ये पोलादाऐवजी घालायच्या कार्बनच्या जाळीविषयी होता. पोलाद गंजते, म्हणून त्याच्यावर काही सेंटिमीटर जाडीचे काँक्रीट ठेवावे लागते. कार्बन गंजत नाही, त्यामुळे भिंत पातळ होते आणि सिमेंट वाचते. या विषयावर आखेन आणि ड्रेस्डेन या दोन्ही ठिकाणी कित्येक वर्षे संशोधन झाले आहे, आणि 2022 मध्ये ड्रेस्डेनला अशा काँक्रीटची 'क्यूब' नावाची अख्खी इमारत उभी राहिली. विणलेल्या वस्तूच्या आधारावर इमारत उभी राहते ही कल्पना मला अजूनही थरारून टाकते.

प्रयोगशाळेतला माझा खरा गुरू प्राध्यापक नव्हता. तिथे साठीकडे झुकलेले एक तंत्रज्ञ होते. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी ते जर्मनच बोलत, आणि तेही त्या भागातल्या लहेजात. सुरुवातीचे काही महिने ते मला फक्त झाडलोट आणि नमुने कापणे एवढेच काम देत. एकदा उभ्या धाग्यांमधला एक धागा तुटला. ते दुसऱ्या यंत्रामागे होते. मी तुटलेली टोके शोधली, एकावर एक धरली आणि अंगठ्याने दाबून विणकरी गाठ मारली, लहानपणी जॉबरमामांनी शिकवली होती तशी. ते येऊन बघत राहिले. मग त्यांनी माझ्या हातातून धाग्याचा एक तुकडा घेतला आणि तीच गाठ मारून दाखवली. हात वेगळा वळला, टोक दुसऱ्या बाजूने आत गेले, गाठ मात्र तीच झाली. त्यांचे आजोबा आखेनच्या एका लोकरीच्या गिरणीत विणकर होते, हे त्यांनी त्या दिवशी सांगितले. त्यानंतर त्यांनी मला यंत्रावर हात ठेवू दिला. माझे जर्मन सुधारले ते वर्गात नाही, त्यांच्या शेजारी उभे राहून ताण कमी-जास्त करताना.

घरी फोन करायची वेळ जुळवणे मात्र अवघड होते. उन्हाळ्यात आपल्यात आणि जर्मनीत साडेतीन तासांचा फरक असतो, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे मागे सरली की तो साडेचार होतो, आणि तेवढ्या एका तासाने घरच्यांशी बोलण्याची सगळी घडी विस्कटते. मी लॅबमधून परतेपर्यंत तिकडे रातपाळी लागलेली असे आणि आई झोपायला आलेली असे. शेड घराला लागून असल्यामुळे फोनमध्ये आईच्या आवाजामागे कायम मागांचा खडखडाट असे. ती म्हणे, "थांब, आत जाऊन बोलते," आणि मी म्हणे, "नको, राहू दे." मला त्या आवाजावरून सगळे समजत होते. खडखडाट भरगच्च असला की काम आहे. विरळ असला की निम्मे माग बंद आहेत. अजिबात नसला तर वीज गेली आहे किंवा व्यापाऱ्याने बीमे दिलेली नाहीत. आईने "सगळं बरं हाय" म्हटले तरी पाठीमागची शांतता दुसरेच काही सांगे. माझ्याकडूनही असेच चालले होते. खोली गरम आहे, जेवण व्यवस्थित आहे, परीक्षा सोप्या होत्या, असे मी सांगत असे. आईला माझ्या मागे ऐकू येईल असा कुठलाच आवाज नव्हता, म्हणून ती चेहऱ्यावरून ताडण्याचा प्रयत्न करी आणि दिवा जवळ घे म्हणे.

परीक्षांबद्दल मला एवढेच सांगायचे आहे. जर्मन विद्यापीठात एका विषयाला साधारण तीन संधी मिळतात. तिसऱ्यांदा नापास झाल्यास नाव कमी होते, आणि मग तोच विषय त्या देशात दुसरीकडेही पूर्ण करणे जवळजवळ अशक्य होऊन बसते. ज्याने मला आपल्या खोलीत ठेवून घेतले तो जळगावचा मुलगा अशाच एका विषयात अडकला. तो हुशार होता. पण घरचे पैसे संपल्यामुळे त्याला गोदामात रात्री काम करावे लागे, आणि तेव्हा परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला 120 पूर्ण दिवसांचीच कामाची मुभा होती, म्हणून हे दिवसही जपून वापरावे लागत. थर्ड अटेम्प्टच्या आदल्या रात्री मी त्याच्यासाठी खिचडी टाकली आणि आम्ही न बोलता जेवलो. निकाल लागल्यावर त्याने कोणाला न सांगता सामान बांधले. तो आता पुण्यात चांगल्या नोकरीत आहे, आणि आमचे बोलणे होते. परदेशी शिक्षणाच्या यशोगाथा छापताना असल्या मुलांना वगळले जाते याची मला चीड येते. त्यांच्या घरीही शेत विकले गेलेले असते, दागिने मोडलेले असतात. त्यांचे कर्ज माफ होत नाही.

मार्च 2023 मध्ये एक अनपेक्षित गोष्ट घडली. विजेच्या आणि वायूच्या भाववाढीमुळे जर्मन सरकारने विद्यापीठात नाव असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला एकदाच 200 युरो द्यायचे ठरवले होते, आणि त्यात आम्ही परदेशीही आलो. खात्यात पैसे आले त्या संध्याकाळी मी ते घरी पाठवले. आण्णांनी आधी नको म्हटले, मग घेतले, आणि आईने नंतर सांगितले की त्यांनी ते शेडच्या वीज बिलात भरले. वीज महाग झाली म्हणून जर्मनीच्या करदात्याने दिलेला पैसा इचलकरंजीच्या वीज बिलात गेला. पैसा पहिल्यांदाच उलट्या दिशेने वाहिला होता. मला त्या रात्री आनंदाने झोप लागली नाही.

माझ्या मनातली खरी उलथापालथ मात्र एका संग्रहालयात झाली. आखेनच्या झोर्स भागात एका जुन्या गिरणीच्या इमारतीत तिथल्या कापड-उद्योगाची यंत्रे जपून ठेवली आहेत. मी एका शनिवारी तिथे गेलो. तेलाचा आणि लोखंडाचा वास दारातच ओळखीचा वाटला. आत एका धोट्याच्या मागाशी मी थबकलो. चौकट वेगळी होती, पट्ट्यांची रचना वेगळी होती, पण फणी, धोट्याची पेटी, पाठ देणारा मागचा रूळ, सगळे तिथेच होते जिथे आमच्याकडे असते. माग चालवून दाखवणाऱ्या गृहस्थाने धोटा सोडला आणि तो लाकडावर आदळण्याचा आवाज माझ्या छातीत गेला. आजूबाजूचे लोक कौतुकाने बघत होते, लहान मुलांनी कानांवर हात ठेवले होते. याच जातीचे माग त्या घटकेला आमच्या शेडमध्ये चालू होते, आणि त्यांच्या पिकांवर त्या महिन्याचा कर्जाचा हप्ता अवलंबून होता. मला राग आला नाही, लाजही वाटली नाही. मला फक्त आण्णा तिथे हवे होते. त्यांनी त्या गृहस्थाला मागाचा ताण सैल आहे हे सांगितले असते.

मी आता मोन्शेनग्लाडबाखजवळ नोकरी करतो. आखेनहून आर.ई. 4 ही गाडी थेट तिथे जाते. या गावाला एके काळी ऱ्हाइन प्रदेशातले मँचेस्टर म्हणत, आणि आम्ही इचलकरंजीला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणत वाढलो. या जर्मन मँचेस्टरमधल्या बहुतेक गिरण्या बंद झाल्या आहेत. राहिले ते वस्त्रविद्येचे महाविद्यालय, चाचणीच्या प्रयोगशाळा आणि तांत्रिक कापड करणारे कारखाने. जर्मनीने साधे कापड विणणे सोडून दिले, पण माग बनवणे सोडले नाही. लिंडाऊच्या डॉर्नियरचे माग आजही जगभर जातात. विणकर गेले आणि विणण्याचे ज्ञान मागे राहिले, असे या प्रदेशाचे झाले. आमच्याकडे याच्या बरोबर उलट आहे. विणकर आहेत, माग आहेत, हातात कसब आहे, पण धाग्याचा भाव आणि कापडाचा भाव दोन्ही दुसऱ्याच्या हातात, आणि शहाणपणाला शेडच्या दाराबाहेर थांबावे लागते.

1913 साली डॉ. आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार. कराराला जागून ते 1917 मध्ये बडोद्याला आले, आणि त्या शहराने जातीपायी त्यांना राहायला जागा दिली नाही. माझी अडचण त्या अन्यायाच्या पासंगालाही पुरणारी नाही, आणि ती शेजारी ठेवण्याचे धाडस मी करणार नाही. पण परदेशात शिकून येणाऱ्याच्या मागे फक्त त्याची दानत लागत नाही, त्याच्या ज्ञानाला टेकायला परतीच्या गावात जागा लागते, हे त्या प्रसंगापासून आपल्याला माहीत असायला हवे होते. माझ्याकडून आण्णांनी कोणताही करार लिहून घेतला नाही. लिहून घेतला असता तर कदाचित मला सोपे गेले असते.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी पुढे बरेच दिवस कागदावर मांडून पाहिले. कार्बन नाही, तो आपल्या शेडला परवडणारच नाही. काचेचा धागा? गिलाव्यात, गळती थांबवायला वापरायची जाळी आता आपल्याकडेही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. पण साधी काच सिमेंटमधल्या अल्कलीने झिजते, त्यासाठी वेगळी काच किंवा वेगळे लेपन लागते. जाळीचे धागे सरकू नयेत म्हणून पीळ घेणारी वीण लागते, ती साध्या मागावर बसवायची तर काय बदलावे लागेल? माल घेणार कोण? हे प्रश्न मांडताना माझ्या लक्षात आले की अख्ख्या शिक्षणात मला ते कोणी विचारले नव्हते. यात त्या विद्यापीठाचा दोष नाही. तिथली प्रयोगशाळा तिथल्या उद्योगाच्या गरजांवर उभी आहे, तिथले पैसे तिथल्या प्रश्नांना मिळतात, आणि आपण भारतातून जाऊन मन लावून तेच प्रश्न सोडवतो, कारण प्रबंधाचे विषय भिंतीवर लावलेल्या यादीतून निवडायचे असतात. आपण घरून मसाले नेतो, प्रेशर कुकर नेतो, औषधे नेतो. आपल्या धंद्यातला, आपल्या शेतातला, आपल्या गावच्या पाण्यातला एखादा प्रश्न नीट मोजून-मापून नेणारा विद्यार्थी मला आखेनमध्ये क्वचितच भेटला. पंचगंगेत रंगाचे पाणी जाते हे आम्हा सगळ्यांना माहीत होते, आणि आमच्यापैकी कोणीही त्याचा नमुना घेऊन आले नव्हते.

जॉबरमामांची मुलगी यंदा वस्त्रतंत्रात बी.टेक. होते आहे. तिला आखेनलाच यायचे आहे. माझ्या वेळी नसलेले ए.पी.एस. प्रमाणपत्र, म्हणजे भारतातली शैक्षणिक कागदपत्रे तपासल्याचा दाखला, आता तिला लागते. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आता 11,904 युरो भरायचे आहेत आणि युरो शंभरीच्या वर गेला आहे, म्हणजे जिथे आम्हाला सव्वाआठ लाख लागले तिथे तिला बारा लाख लागतील. तिच्या घरी तारण ठेवायला शेड नाही, आणि तारणाशिवाय सरकारी बँकेचे कर्ज साधारण साडेसात लाखांवर अडते. राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्तीसाठी ती कागद जमवते आहे. मिळाली नाही तर काय, याचे उत्तर तिच्याकडे नाही आणि माझ्याकडे अर्धेच आहे. मी आणि आण्णांनी मिळून तिला काय देता येईल ते ठरवले आहे, त्याची रक्कम इथे लिहिणे बरे नाही.

तिने मला विचारले होते की तयारीला काय करू. मी तिला जर्मन भाषा बी-1 या मधल्या पातळीपर्यंत शिकूनच ये, तंत्रज्ञांशी बोलता आले पाहिजे, असे लिहिले, आणि निघण्याआधी शेडमधल्या प्रत्येक मागाची माहिती लिहून काढायला सांगितली. चार दिवसांत तिचा तक्ता आला. कोणता माग 52 इंची, कोणता 56 इंची, वेग किती, मोटार किती अश्वशक्तीची, कोणाचे सुटे भाग बाजारात मिळतात आणि कोणाचे मामा स्वतः घासून बसवतात. मी न सांगितलेला एक रकानाही तिने घातला होता, तो म्हणजे प्रत्येक माग गेल्या वर्षात किती दिवस बंद राहिला आणि का. तक्त्याखाली तिने दोन प्रश्न विचारले आहेत. धोटा काढून त्याजागी रॅपिअरची, म्हणजे धागा पकडून पलीकडे नेणाऱ्या दांड्यांची, जोड बसवली तर या चौकटी तो झटका सोसतील का, आणि सोसल्या तर काचेच्या धाग्याला ताण किती द्यायचा. पहिला प्रश्न मी येत्या शनिवारी आखेनच्या त्या तंत्रज्ञांपुढे ठेवणार आहे. ते या वर्षअखेर निवृत्त होत आहेत, आणि दुसऱ्यासाठी मला नमुन्याचे सूत लागेल.